छत्तीस हजार सेकंद

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. आईच्या गुडघ्याची सूज उतरली का? तिला जिना चढू देऊ नकोस. ती ऐकणार नाही, तरी सांगत राहा. मी सकाळच्या वर्गाला संगणकाची सी भाषा शिकवायला लागले आहे. नऊ जण आहेत. त्यांत एक नर्सबाई, माझ्याहून वयाने मोठ्या, रात्रपाळी उरकून थेट येतात आणि पहिल्या बाकावर बसतात.

गेल्या मंगळवारी डेटा टाइप घेतले. काय ठेवायचं ते आधी सांगावं लागतं, मग संगणक तेवढीच जागा देतो: एका अक्षराला कॅर, पूर्णांकाला इंट, अपूर्णांकाला फ्लोट, आणखी बारकावा हवा तर डबल. साडेतीन इंटमध्ये ठेवले तर अर्धा गुपचूप गळतो, तीनच उरतात. नर्सबाई म्हणाल्या, आमच्याकडे अर्धी गोळी अशी गळाली तर चौकशी बसते. सगळे हसले. मग त्यांनी विचारलं, "आणि मावणार नाही एवढा मोठा आकडा आला तर?" मी सांगितलं, लहान चिपवर इंटची मजल बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत, त्यापुढे एक जरी मिळवला तरी आकडा थेट वजा होतो. बाईंनी वहीत भागाकार केला. सेकंद मोजत असू तर नऊ तास सहा मिनिटांनी सगळं उलटं, असं त्या म्हणाल्या. मी खडू ठेवला आणि पाणी प्यायला बाहेर गेले.

दवाखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या त्या कारखान्यात मला तूच चिकटवलंस. तू वायरिंग आणि सोल्डरिंग करायचीस, मी आतला प्रोग्राम लिहायचे. काविळीच्या तान्ह्या बाळांचा आपला निळा दिवा दहा तासांनी आपोआप बंद व्हायचा होता. एका दवाखान्यात तो झालाच नाही. चौदाव्या तासाला तिथल्या सिस्टरने तो हाताने बंद केला, तोवर बाळाचं अंग लालबुंद झालं होतं, ओठ सुकले होते. दोन दिवसांत बाळ सावरलं, म्हणून प्रकरण कारखान्यातच मिटलं. दिव्याची वीज तोडणारा रिले चिकटला, दोष सोल्डरिंगचा, असं मालकांनी ठरवून टाकलं. तू एवढंच म्हणालीस, "माझं काम असं नसतं." त्याच आठवड्यात डबा आणि चष्मा उचलून तू निघून गेलीस.

मंगळवारी घरी येऊन मी जुना प्रोग्राम उघडला. सेकंद मोजायला मी इंट घेतला होता. दहा तास म्हणजे छत्तीस हजार सेकंद. तिथवर तो कधी पोहोचणारच नव्हता. इंटऐवजी मोठे आकडे मावणारा लाँग लिहायला हवा होता, बस. चाचणीला दहा तास कोण ताटकळणार, म्हणून आपण मर्यादा दहा मिनिटांवर आणायचो, आणि दिवा दर वेळी शहाण्यासारखा विझायचा.

इथवर लिहिणं सोपं होतं. ताई, तू गेल्यावर मी त्या दिव्यातला, तू जोडलेला रिले त्याच चाचणीला लावून पाहिला होता. तीनदा. तिन्ही वेळा तो नीट सुटला. खोलीत मी एकटीच होते. खरं कारण तेव्हा कळलं नाही, पण दोष तुझा नाही एवढं कळलं होतं. मी गप्प बसले. माझी नोकरी नवी होती. तुझ्या हातात कसब आहे, तुला कुठेही काम मिळेल, अशी मी मनाची समजूत घातली. तुला ते मिळालं नाही, हे सहा वर्षं बघते आहे.

तसले अकरा दिवे अजून वापरात होते. कारखान्यातून यादी मागवून मंगळवारी दुपारीच सगळीकडे फोन केले, दिवा आपोआप बंद होईल यावर विसंबू नका म्हणून. तिथल्या सिस्टर तो दहा तासांआधीच हाताने बंद करतात, म्हणून एवढी वर्षं कुणाला कळलं नाही. दोन ठिकाणी कुणी उचलला नाही, तिथे बुधवारी स्वतः जाऊन आले. आज मालकांना सगळं लेखी कळवलं, तुझ्या रिलेच्या चाचणीसकट. ते तुला फोन करतील किंवा करणारही नाहीत. त्यांच्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. माझ्यावर रागाव, बोलू नकोस, तुझा हक्कच आहे तो. फक्त एक कर, हे आईला वाचून दाखव. तुझ्या हातून चूक झाली असं तिलाही इतकी वर्षं वाटतंय, आणि तिला ते मीच सांगितलं होतं.

तुझीच,
छोटी