आंघोळीच्या पाण्यावर उभी राहिलेली भिंत

प्रिय बाबा,

माझं सगळं बदललं ते त्या संध्याकाळी, चर्चचे पत्रे उडून शिवलिंगअप्पाच्या शेतात पडले त्या घटकेला. पाठोपाठ तुम्ही बांधलेली पश्चिमेची भिंत माझ्या डोळ्यांदेखत बसली. ईस्टरच्या सुट्टीला अहमदपूरहून आलो होतो. कॉलेजला परत गेलोच नाही.

उद्या नव्या चर्चचं समर्पण आहे. तुम्ही गेल्यापासून आज पहिल्यांदा वाटलं, बाबांना तोंड दाखवावं. म्हणून आत बाकावर बसून लिहून राहिलोय.

रागावलात ना? "माझ्या पोराच्या हातात थापी नको, पेन पाहिजे," असं गावभर सांगायचात. पण तुमची भिंत पडलेली बघून मी वर्गात कसा बसू?

आणि काय ते वादळ! वारा ढीगभर, पाऊस चार थेंब. दुष्काळातलं वादळ तरी देवानं धड द्यावं की नाही?

पाळकसाहेब मदत मागायला लातूरला जाऊन आले. म्हणाले, "जिल्हाच नवा हाय. साहेबांना अजून खुर्च्या यायच्यात, आपल्याला पत्रे कुठून?" मग गावच उठलं. कुणी गाडीनं दगड आणले, कुणी वाळू. गवंडी मात्र मी एकटा, तोही सुट्ट्यांत तुमच्या हाताखाली शिकलेला.

भिंत चढली, पण तिला पाणी मारायचं कुठून? विहिरीचा तळ दिसून राहिला होता. तेव्हा शिवलिंगअप्पाच बोलले, "आंघोळ तर करता न्हवं? मग भिंतीवर उभं राहून करा की!"

झालं! साबण बंद, आणि रोज सकाळी बाप्ये तांब्या घेऊन फळीवर. पहिला तांब्या अप्पांचाच, गळ्यात लिंग, कमरेला पंचा. "रोज महादेवाला घालतो, आज येशूच्या भिंतीला. वर दोघं समजून घेतील!" दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबही पंचा लावून आले, तेव्हा बायका पदर तोंडात धरून पळाल्या. तुम्ही पाहिजे होतात, बाबा!

पळाली नाही ती शाळेच्या मास्तरांची लेक सारा. ती तिथंच उभी राहून हसत होती. तिचं हसू तुम्हाला माहीत आहे. मी तिकडं बघत बघत तीन थर चढवले.

संध्याकाळी भिंत सरळ आहे का बघायला मास्तरांनी ओळंबा सोडला. दोन बोटं फरक! "भिंत कुणाकडं झुकली रे?" सगळं गाव हसलं. माझं डोकं फिरलं. थापी फेकली आणि निघालो एसटी धरायला.

मागून साराचा आवाज आला. "कॉलेज सोडलं, आता भिंत बी सोड! सोडायला लई छान येतं तुला."

बाबा, तुमच्या चपलेपेक्षा ते जोरात लागलं. परत फिरलो. तिन्ही थर माझ्या हातानं पाडले, पुन्हा रचले. तिच्याकडं एकदाही बघितलं नाही. बरं, एकदा बघितलं.

परवा मास्तरांना थेट म्हणालो, "सारासाठी विचारायचं हाय." ते चष्मा पुसत म्हणाले, "आधी दार बसव. भिंत खरी हाय का खोटी, दारच सांगंल."

दार तुमचंच आहे, वादळातून वाचलेलं. खरं सांगा, एवढे मोठे गवंडी तुम्ही, पण ते दार कधी सरळ का हो लागलं नाही? आधी लाथ, मग प्रार्थना, अशी सगळ्यांची सवय! "पुढच्या वर्षी करू" म्हणत राहिलात, आणि गेलात.

आत्ताच बिजागऱ्या ठोकल्या. अजून कुणी लावून पाहिलेलं नाही. बाहेर पायरीशी मास्तर आणि सारा उभे आहेत. मास्तर ओरडून राहिलेत, "अरे, पत्र लिहितो का पोथी?"

दार लागो न लागो, एक शब्द देतो. जूनमध्ये पुन्हा नाव घालीन आणि कॉलेज पुरं करीन. थापी सुट्टीत. अर्ध्यावर सोडायची सवय तेवढी या भिंतीच्या पायात गाडली.

उठतो आता. सही बाहेर करतो.

बाबा, बाहेर आलो. दार ओढलं. सवयीनं लाथ मारायला पाय उचलला, आणि सारा म्हणाली, "कुणाला मारतोस? लागलं की ते."

तुमचाच,
शामू