वेशीबाहेरचे चोळीबांगडीचे रान

मी, शांताक्का, भ्रतार लिंगैक्य विरुपाक्ष, राहणार मौजे बोरकोटा, उमरग्याजवळ, जिल्हा उस्मानाबाद, धंदा शेती, वय साठीच्या आत, आज आपल्या राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. माझे गुडघे गेले आहेत आणि छातीत कळ येते. डोके शाबूत आहे. ते नाही असे सांगायला माझा सख्खा भाऊ कल्याणप्पा उद्या कचेरीत जाईल. त्याने हे पूर्वीही एकदा सांगितले आहे. म्हणून नोंद असावी की आज सकाळी मी स्वतः भाकरी थापल्या, म्हशीची धार काढली, आणि हे लिहिणाऱ्या गुरुलिंग अय्यांना, म्हणजे आमच्या मठाच्या जंगमांना, चहा करून दिला. चहा चांगला झाला होता हे अय्यांनी येथे लिहावे. (चहा चांगला होता. गुरुलिंग.)

कलम पहिले. वेशीबाहेर, ओढ्याकडे जाताना उजव्या हाताला माझे रान आहे. माझ्या वडिलांनी ते मला चोळीबांगडीसाठी तोडून दिले, चारचौघांत दिले. मी तरुणपणी विधवा होऊन माहेरी परत आले तेव्हापासून या रानाने मला पोसले, भावाने नव्हे. कल्याणप्पाच्या मळ्याकडे जाणारी गाडी या रानातून जाते, कारण ओढ्याच्या वळणाने जायचा त्याला कंटाळा. मी मेले की रान आपलेच, असे तो धरून चालला आहे. वाट पक्की करायला त्याने दगडसुद्धा आणून माझ्या बांधावर टाकले आहेत, आणि मी अजून चालतीबोलती आहे. तर हे रान कल्याणप्पाला, त्याच्या मुलांना, किंवा त्याच्या वतीने पुढे होणाऱ्या कोणालाही मिळू नये. ते मी भूमकडच्या ईट गावच्या द्वारकाबाईला देते. ती कोण हे गावाला माहीत आहे, पण गावाने विसरल्याचे सोंग घेतले आहे, म्हणून लिहून ठेवते.

कलम दुसरे. द्वारकाबाई ही बब्रुवानची बहीण. बब्रुवान आणि दगडोबा हे दोघे आमच्या घरचे सालगडी. एकाच पाडव्याला कामाला लागले, एका ताटात जेवले. एकाला ताप भरला तर दुसऱ्याने न सांगता त्याच्याही वाटणीची मोट हाकली. सख्ख्या भावांत मी तसे पाहिले नाही, आणि सख्खा भाऊ काय असतो हे मला ठाऊक आहे.

बब्रुवान दिसायला काही विशेष नव्हता. बुटका, थोडा फेंगडा चालायचा. पण बुजलेल्या बैलाच्या मानेवर त्याने हात ठेवला की बैल शांत व्हायचा, आणि ते बघताना मला वाटायचे की हा हात माझ्याही मानेवर यावा. मला तो हवा होता. हे वाक्य लिहायला अय्या कां-कू करू लागले. त्यांना मी सांगितले की वाक्य गाळायचे असेल तर लेखणी खाली ठेवा, दुसरा कोणी मिळेल. विधवेने असे बोलू नये म्हणतात. हे वाचले जाईल तेव्हा मी विधवा नसेन, नुसती मेलेली असेन.

आमच्याकडे ज्येष्ठातल्या पौर्णिमेला कारहुणवी असते. बैल ओढ्यावर धुऊन, रंगवून माझ्या रानातून वेशीकडे पळवतात, आणि वेशीत पानांचा दोर बांधलेला असतो, त्याला कर म्हणतात, तो ज्याचा बैल पहिल्यांदा तोडील त्याला वर्षभराचा मान. आमच्या गावात मात्र बैल सगळ्यांचे पळतात आणि कर कल्याणप्पाचा पांढराच तोडतो, कारण बाकीचे वेशीजवळ येताच कासरा ओढून धरतात. माझ्याकडे तेव्हा एक तांबडा बैल होता. या रानाच्या ज्वारीवर घेतलेला, बब्रुवानच्या हाताखाली वाढलेला. त्या वर्षी मी ओढ्यावर गेले आणि म्हणाले, "बब्रुवान, औंदा माझा तांबडा पुढं काढशील का?"

"अक्का, मालक पाठीचं सालटं काढतील."

"काढतील," मी म्हणाले.

तो तांबड्याच्या शिंगाला रंग देत होता. ते शिंग पुरे करून मग म्हणाला, "काढू द्या. पाठ माझी हाय."

त्याने कासरा ओढला नाही. तांबड्याने कर तोडला. वेशीच्या ओट्यावर बायकांत मी उभी होते, तो माझ्याकडे बघून हसला आणि मीही हसले. आमच्या दोघांत जे काही झाले ते एवढेच. त्याहून जास्त झाले असते तर मला आवडले असते.

कल्याणप्पाने ते हसणे पाहिले. मग लगेच पांढऱ्याच्या गळ्यातली चांदीची साखळी चोरीला गेल्याची बोंब झाली. चावडीवर दगडोबा उभा राहिला आणि म्हणाला की साखळी बब्रुवानच्या घोंगडीखाली आपण डोळ्यांनी पाहिली. पोलिसांचा अमीन आला, बब्रुवानला दोरीने बांधून घेऊन गेला. जाताना बब्रुवान दगडोबाकडे वळून वळून बघत होता. तुरुंगातच तो पटकीने मेला. ईटला बहिणीच्या दारात बातमी पोचली ती चोर मेला म्हणून, आणि तिच्या लेकीची ठरलेली सोयरीक मोडली. मी चावडीवर जाऊन ओरडले, तेव्हा भावाने बाईचे डोके फिरले असे जाहीर केले आणि मला आतल्या खोलीत कोंडले. तांबडा बाजारात विकला. पुढच्या कारहुणवीला तीच साखळी त्याच पांढऱ्याच्या गळ्यात होती. सगळ्या गावाने पाहिली आणि सगळ्या गावाने पुरणपोळी खाल्ली.

कलम तिसरे. दगडोबा. भावाने त्याला काही दिले असेल म्हणून मी त्याला पैशाचा लोभी समजत होते. परवाच्या उन्हाळ्यात तो बब्रुवानची घोंगडी घेऊन माझ्या दारात आला. इतकी वर्षे तीच पांघरून झोपत होता. मी विचारले, का रे बाबा असा वागलास? तो म्हणाला, "अक्का, तुमी त्याच्या हातनं पाणी घ्यायचा. माझ्याकडं कवा वळून बघितलं न्हाई." ते ऐकूनही मी त्याच्याकडे बघितले नाही. घोंगडी तेवढी ठेवून घेतली.

आता तो म्हातारा झाला आहे, त्याला कोणी सालाने ठेवत नाही, हे मला चांगले ठाऊक आहे, म्हणूनच असे ठरवते. द्वारकाबाईला ईटहून येऊन रान करणे जमणार नाही, तेव्हा ते दगडोबाने हयात असेतो बटईने करावे आणि निम्मे धान्य तिला पोचवावे. अट अशी की दर कारहुणवीला, कर तुटण्याआधी, त्याने वेशीत कराच्या खाली उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणावे: "बब्रुवाननं चोरी केली न्हाई. म्या खोटं बोललो. साखळी मालकाच्या घरात हुती." ज्या वर्षी त्याची जीभ वळणार नाही त्या वर्षी त्याचा रानाशी संबंध संपला. कल्याणप्पाला मानाचा म्हणून वेशीतच उभे राहावे लागते, त्यामुळे त्याला मुद्दाम बोलवायची गरज नाही.

कलम चौथे. म्हैस आणि तिचे रेडकू शेजारच्या इरम्माला, कारण मी कोंडलेली असताना ती खिडकीतून भाकरी आत टाकायची आणि नवऱ्याचा मार खायची. जाते माझी भावजय चन्नम्मा हिला. तिच्या घरचे सगळे पीठ मी या जात्यावर काढले, तिने एकदा तरी खुंट्याला हात लावून बघावा. पितळी तांब्या कल्याणप्पाला. त्या दिवसांत तो हाच तांब्या भरून उंबऱ्याबाहेर ठेवायचा, माझा हात पोचणार नाही इतका लांब. मी मरताना माझ्या तोंडात पाणी घालायला त्याने येऊ नये.

कलम पाचवे आणि शेवटचे. आम्हा लिंगायतांत मेलेल्याला जाळत नाहीत, मातीत बसवतात. मला मठाच्या जागेत नको. माझ्या रानात, कल्याणप्पाच्या गाडीच्या दोन चाकोऱ्यांच्या बरोबर मधोमध खड्डा घ्यावा. डाव्या हातात इष्टलिंग, मांडी घातलेली, तोंड वेशीकडे. अंगावर बब्रुवानची घोंगडी घालावी, आणि ती दगडोबानेच घालावी, भर दिवसा, लोक जमल्यावर. अय्या म्हणतात घोंगडी चालत नाही. चालते की नाही ते मी वर जाऊन शिवाला विचारीन. वाट पक्की करायला आणलेले ते दगड माझ्यावर रचावेत, वाया घालवू नयेत. गावच्या बाकी बैलांना बांधाकडून वाट मोकळी आहे. कल्याणप्पाच्या आताच्या पांढऱ्याला मात्र यापुढे ओढ्याच्या वळणाने यावे लागेल आणि तो वेशीत शेवटी पोचेल. तरी घाई असली तर त्याने बहिणीच्या डोक्यावरून गाडी न्यावी, मी तिथेच बसलेली असेन.

हे सर्व अय्यांनी मला दोनदा वाचून दाखवले. एक शब्द कमी करायचा नाही.

ठिकाण: बोरकोटा. मिती ज्येष्ठ शुद्ध दशमी, शके १८६८, फसली सन १३५५.

शांताक्का, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार: भीमाशंकर, किराणा दुकानदार (याचे कल्याणप्पाशी बांधावरून भांडण आहे, आनंदाने आला). ज्ञानोबा सुतार (भीत भीत आला, पण आला). लिहिणार गुरुलिंग अय्या.

शेवटी दगडोबाला बोलावून कलम तिसरे व पाचवे वाचून दाखवले. ते कबूल म्हणून त्याने अंगठा दिला. अंगठा पुसता पुसता त्याने विचारले, "अक्का, पुनव पाच दिसांवर आली. तुमी जित्या हायसा तवर, औंदाच म्हटलं तर चालंल का?"

मी मान वळवून त्याच्याकडे पाहिले. म्हणाले, "म्हण. अन् फुडल्या साली परत म्हण."