धोक्याची पातळी : मावशी

तीर्थरूप मावशीस,

ठोंब्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलंय खरं, पण कंबर धरल्यामुळे सध्या सहा अंगांनीच जमतोय. उरलेली दोन उधार.) पत्रास कारण की, तू माझा फोन उचलत नाहीस. तुझे गुडघे कसे आहेत, खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तुझी कात्री परत केली का आणि तुझा डावा डोळा काय म्हणतो, हे सगळं विचारायचं आहे, पण आधी एक कबुली द्यायची आहे. ती कागदावरच देता येते, कारण मेलने पाठवायची सोय मी स्वतःच्या हाताने बंद करून ठेवली आहे. पत्र घेऊन बायको येते आहे. डोळ्यामुळे वाचता आलं नाही तर तिला मोठ्याने वाचायला सांग, फक्त कंसातलं वगळून.

मी नक्की काय काम करतो हे तू दर वेळी विचारतेस आणि मी दर वेळी ‘कॉम्प्युटरचं’ म्हणून वेळ मारून नेतो. आज नीट सांगतो. जगभरच्या कॉम्प्युटर-चोरांची एक मोठी वही आमच्याकडे आहे असं समज. वही म्हणजे सॉफ्टवेअर. चोर कुठल्या पत्त्यावरून मेल पाठवतात, कुठली वेबसाइट थाटून बसतात, हे त्यात आपोआप येऊन पडतं, दिवसाला हजारोंनी. पण नुसता पत्ता पडून काय उपयोग? तो कोणाचा, आधी कुठे दिसला, कोणाच्या मागे लागतो, आपल्याला कोणी सांगितलं आणि सांगणाऱ्यावर भरवसा किती, हे माणसाने बसून लिहावं लागतं. त्याला म्हणतात संदर्भ. आमच्या साहेबबाई (उंची पाच फूट, आवाज आठ फूट) म्हणतात, संदर्भाशिवाय नोंद म्हणजे लेबल नसलेली औषधाची बाटली. शेवटी एक-दोन खुणेचे शब्द टाकायचे, म्हणजे पुढे शोधणाऱ्याला नोंद सापडते. शोध फक्त त्या खुणेच्या शब्दांतच चालतो. नोंदीच्या पोटात काय लिहिलंय ते त्याला दिसत नाही. हे वाक्य लक्षात ठेव, पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

गेल्या महिन्यात या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि आम्हा घोड्यांना पुन्हा बाकावर बसवलं. ‘शिकाऊ’ या एकाच नावाने सगळ्यांनी आत जायचं आणि सरावाची एक खोटी नोंद करून दाखवायची. बाकीच्यांनी बँका लुटणाऱ्या टोळ्या रचल्या. मला काही सुचेना. (निबंधाचा विषय फळ्यावर आला की माझी पेन्सिल कशी तुटायची, ते तुला आठवत असेल.) म्हणून मी तुला घातलं. रागावू नकोस, पूर्ण ऐक. सवयी : रोज सकाळी सात ते सव्वासातच्या दरम्यान मेल पाठवते. निशाणा : एकुलता एक भाचा, विशेषतः बारीक झालेला. पद्धत : आधी प्रेमाने चौकशी, सावज गाफील झालं की अचानक दातांच्या डॉक्टरचा विषय. ओळखायचं कसं : मेलमध्ये ‘जेवलास का’ ही ओळ असतेच, शेवटी ‘उत्तर नाही दिलंस तरी चालेल’ (प्रत्यक्षात चालत नाही). धोक्याची पातळी : सर्वोच्च. भरवसा : शंभर टक्के. साहेबबाईंनी माझ्या मागे उभं राहून वाचलं आणि म्हणाल्या, इतका भरीव संदर्भ आजवर इथे कोणी लिहिला नव्हता. त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या तोवर मी फुगून टम्म झालो होतो. त्याच भरात खुणेचा एक शब्द बडवला आणि ‘जतन’ दाबलं. शेजारी एक चौकोन होता. त्यात बरोबरचं चिन्ह आधीच केलेलं होतं आणि पुढे मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘वरील ओळ असलेले मेल सर्व सहयोगी ऑफिसांत अडवा.’ तू असतीस तर चष्मा पुसून आधी ते वाचलं असतंस.

त्या दिवसापासून अडतीस ऑफिसांत ‘जेवलास का’वाला एकही मेल पोहोचला नाही. (बायका सुटल्या. त्यांना ‘जेवलीस का’ येतं, आणि यंत्र व्याकरणाला पक्कं.) कमाल म्हणजे तीन आठवडे कोणी तक्रारच केली नाही. साहेबांचा मेल तासभर लांबला तर लोक जिने चढून भांडायला येतात. आईचा आला नाही तर म्हणतात, चला, सुधारली एकदाची. पण हळूहळू चेहरे उतरायला लागले. माझ्या शेजारी बसणारा टकलू डबा उघडून नुसता बघत राहायचा. एकदा म्हणाला, “आई रुसलीय रे बहुतेक.” मी म्हटलं, “माझी मावशी पण गप्पच आहे.” लिहायला लाज वाटते, पण तुझ्याशी खोटं कधी पचलं नाही म्हणून सांगतो : पहिल्या आठवड्यात मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तिसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वासातला मी उगाचच फोन उघडून बसायला लागलो.

परवा तू बायकोला फोन करून सांगितलंस की मी लिहिणं बंद केलंय म्हणावं, उगाच त्याला त्रास नको. तिने ते मला सांगितलं आणि भाजी फार जोरात चिरायला लागली. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला : म्हणजे तोवर तू लिहीत होतीस, आणि अडवत होतो मीच. तसाच ऑफिसात गेलो आणि अडवलेल्या मेलांचा ढीग उघडला. तुझे एकोणीस होते. सतराव्यात होतं की डोळ्याचं ऑपरेशन येत्या गुरुवारी ठरलंय, येशील का, नाही आलास तरी चालेल. अठराव्यात होतं की तू येणार नसशील तर पुढे ढकलते, एकटीने जायची भीती वाटते. एकोणिसाव्यात नुसतंच ‘जेवलास का’. मावशी, तुला कशाचीही भीती वाटते हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि कळलं ते चोरांच्या ढिगात. तिथल्या तिथे उत्तर लिहिलं. पण खाली तुझा मेल जोडलेला, त्यात ती ओळ, त्यामुळे माझं उत्तरही माझ्याच कृपेने अडकलं.

साहेबबाईंपुढे जाऊन सगळं ओकलो. त्या म्हणाल्या, “बुधवारपासून रजा घ्या. पण आधी ती नोंद शोधा, पुसा आणि मगच जा. अडतीस ऑफिसांतले लोक उपाशी ठेवलेत तुम्ही.” शोधा म्हणणं सोपं आहे. त्याच दिवशी ‘शिकाऊ’च्या नावानेच जुन्या एक लाख ऐंशी हजार नोंदी आत ओतल्या होत्या आणि माझी त्यांत मिसळून गेली. मी शोधात ‘मावशी’ टाकलं. काही नाही. यंत्राने उलट विचारलं, तुम्हाला ‘माशी’ म्हणायचं आहे का? मग माझ्या लक्षात आलं की खुणेचा शब्द मी घाईत लिहिलाय, म्हणजे तो शुद्ध असण्याची शक्यता शून्य. (चौथीत मी ‘शिक्षक दिन’ऐवजी ‘शिक्षक दीन’ लिहिलं होतं आणि तू डोळे पुसत म्हणाली होतीस की राहू दे, बरोबरच आहे.) मग ‘मावशि’ टाकून पाहिलं, ‘माउशी’ पाहिलं, ‘माऊशी’ पाहिलं, ‘मवशी’ही पाहिलं. ‘माऊ’ टाकल्यावर त्याच नावाची एक भलीमोठी टोळी निघाली आणि साहेबबाईंनी मला शाबासकी दिली, पण तू काही निघाली नाहीस. काल दिवसभर हेच केलं.

तर ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. गुरुवारी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर मी असणार, नोकरी राहो की जावो. औषधाचे थेंब वेळेवर घाल. राग असला तर राहू दे, पण फोन उचल आणि रागानेच बोल.

तुझा,
ठोंब्या

ता. क. खरं काम आता सांगतो. दुसरीत मी तुझ्याकडे राहायला आलो तेव्हापासून दहावीपर्यंत माझी एकही वही तुझ्या लाल पेनातून सुटली नाही. मी ‘मावशी’ हा शब्द किती तऱ्हांनी चुकवू शकतो हे जगात फक्त तुला माहीत आहे. तेवढी यादी बायकोला सांग, ती मला फोनवर कळवेल. वेलांट्यांसकट.

ता. ता. क. यादी नको. बायको चपला घालून दारात उभी आहे, म्हणून दोनच ओळी. आज रविवारची पाळी टकलूची, आत्ता त्याचा फोन आला. नोंद सापडली. तो बिचारा काही माझ्यासाठी शोधत नव्हता. आईची आठवण आली म्हणून त्याने शोधात सहज ‘आई’ टाइप केलं, आणि शुद्धलेखनात तोही माझ्याच पंथातला असल्यामुळे झालं ‘आइ’. एकच नोंद निघाली, तुझी. खुणेच्या शब्दात ‘मावशी’ मी लिहिलंच नव्हतं. बुधवारी पोहोचतो. तू लाल पेन काढशीलच, म्हणून आधीच सांगतो : त्या शब्दात चूक आहे ती फक्त ऱ्हस्व-दीर्घाची.