पिकअपमधली दुसरी बॅटरी

२४ ऑगस्ट २००८, रविवार. चांदे

दिवसभर रिपरिप. अनिल सकाळपासून पिकअपच्या मागच्या हौद्यात बसून आहे. मस्कतहून धाकट्या दिरांनी आणलेला फ्रीज त्याने तिथे पट्ट्याने आवळलाय. सुटकेसएवढा, झाकण वरून उघडतं, गाडीच्या बारा व्होल्टवर चालतो. तिकडे लोक वाळवंटात मुक्कामाला जाताना नेतात म्हणे, सरबतं थंड ठेवायला. आमच्यात अनिलच्या औषधाच्या सुया जाणार.

एक दिवसाआड सुई, आणि सुई कायम थंडच हवी. अ.चा नसांचा आजार कळला, सुया सुरू झाल्या, तेव्हापासून आम्ही एक रात्र घराबाहेर काढलेली नाही. आधी दर हिवाळ्यात जायचो, मुळशी धरणाच्या मागच्या अंगाला, पाण्याकाठी तंबू टाकायचो. आता त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही. दसऱ्याला निघायचं, तीन-चार मुक्काम करायचे. डावा पाय क्लच दाबतोय तोवर. हे शेवटचं तो बोललेला नाही.

लायटरच्या सॉकेटमध्ये पिन लावून बघितली. किल्ली काढली की फ्रीज बंद.

घरमालक तात्या छत्री घेऊन बघायला आले. "सायेब, लाइट टिकंना म्हनून फ्रीज गाडीत घातला व्हय? मग पंखा बी घाला. मी बी येतो झोपायला."

अ. हसला. बऱ्याच दिवसांनी.

३१ ऑगस्ट, रविवार

काल त्याने फ्रीजची वायर थेट गाडीच्या बॅटरीला जोडली. रात्रभर चालला. सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टिक टिक. फ्रीजने सगळी बॅटरी पिऊन टाकली होती.

ढकलायला तात्या, त्यांची बायको हिराकाकू, दोन गडी आणि मी. स्टिअरिंगवर अ., कारण कोणीतरी बसायला हवं आणि त्याला ढकलता येत नाही. आरशातून तो माझ्याकडे बघत होता. मी चिखलात घसरले तेव्हा त्याने मान वळवली.

गाडी सुरू झाल्यावर तात्या धापा टाकत म्हणाले, "रातभर मोटंला जुपल्याला बैल सकाळी नांगराला उठंल व्हय, सायेब?"

"नाही उठणार. दुसरा बैल लागणार," अ. म्हणाला.

म्हणजे दुसरी बॅटरी. संध्याकाळी वहीत रेघोट्या मारत बसला होता. अक्षर फार बिघडलंय त्याचं.

१४ सप्टेंबर, रविवार

दुसरी बॅटरी म्हणजे आपल्याच घरातल्या इन्व्हर्टरची. काढली आणि गाडीत नेली. आता लाइट गेली की घरात मिट्ट काळोख, आणि लाइट तर निम्मा दिवस नसतेच. वर्तमानपत्रातल्या माझ्या सदराचा लेख मेणबत्तीवर संपवला. पूर्ण झाला, चांगला नाही झाला.

मध्ये एक रिले आहे. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या, दोन्ही भरतात. इंजिन बंद झालं की वेगळ्या. फ्रीजने दुसरीतलं कितीही खाल्लं तरी इंजिनाच्या वाट्याला तो हात लावत नाही. अ.ने हे समजावून सांगितलं तेव्हा मला फार आवडलं. मग जेवायला वाढताना वाटलं, या घरातली दुसरी बॅटरी मीच, आणि एकदम नाही आवडलं.

पिरंगुटच्या दुकानातून आणलेली वायर बारीक निघाली. वाटेतच व्होल्ट गळतात, फ्रीजला वाटतं बॅटरी संपली, तो लाल दिवा लावून बंद पडतो. मग वेल्डिंगवाल्याकडून अंगठ्याएवढी जाड तांब्याची वायर आणली. तिच्या टोकांना लग, म्हणजे भोकाच्या तांब्याच्या टोप्या, बसवायचे, पक्कडीने दाबून. त्याच्या मुठीत तेवढा जोर राहिला नाही. त्याने वायर धरली, मी दाबलं.

"अजून."

"हात दुखतोय रे."

"माझा दुखत नाही. तीच पंचाईत आहे."

चारही लग मी बसवले. शेवटचा एकदम चांगला बसला म्हणाला.

२८ सप्टेंबर, रविवार

चालतोय! रात्रभर चार अंशांवर, सकाळी गाडी पहिल्या फटक्यात सुरू. अ. लहान मुलासारखा दर तासाला जाऊन आकडा बघून येतो. काठी घरातच विसरतो.

पण दुपारी वाईट झालं. हिराकाकूंची गाय व्यालीय. पाहुण्यांसाठी चीक राखून ठेवायचा होता, लाइट नव्हती. काकूंनी सरळ बरणी नेऊन गाडीतल्या फ्रीजमध्ये ठेवली. झाकण नीट बसलं नाही. अ.ला कळलं तेव्हा आत चौदा. सुया अजून त्यात ठेवल्या नव्हत्या म्हणून बरं. पण तो ओरडला, "हा औषधांचा फ्रीज आहे, डेअरी नाही!"

काकू बरणी घेऊन गेल्या. पदर तोंडाला लावला होता.

संध्याकाळी खरवसाची ताटली आली, नेहमीसारखी, वेलदोडा घालून. मागोमाग तात्या. "ताई, तिला कळलं न्हाई वो. सायबास्नी सांगा, आमी बी मानसं हाय. पुन्यांदा हात लावनार न्हाई." अ. आतून ऐकत होता. बाहेर आला नाही. लाजला होता. लाज वाटली की तो झोपल्याचं सोंग करतो.

५ ऑक्टोबर, रविवार

घरातला फ्रीज आता नुसतं कपाट झालाय, पाणीसुद्धा कोमट. अ.ने महिन्याच्या सगळ्या सुया गाडीतल्या फ्रीजमध्ये हलवल्या. रोज संध्याकाळी थोडा वेळ इंजिन चालवतो, दुसरी बॅटरी भरून घेतो.

सगळ्या सुया एका ठिकाणी. मला बरं वाटेना. "थोड्या तुझ्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात ठेवूया?"

"तुझा माझ्या वायरिंगवर विश्वास नाही?"

सुया गाडीतच राहिल्या.

तंबू काढून उन्हात टाकला. बुरशीचा वास. जुन्या मुक्कामाची वाळू अजून शिवणीत.

८ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

तात्यांच्या घरात आजचा दिवस मोठा. कोयते, कुदळी, फाळ, पंपाची मोटर, ट्रॅक्टर, सगळं धुऊन हळदकुंकू, झेंडूच्या माळा. आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. हत्यारांचा विसावा.

सकाळी बघते तर तात्या आमची पिकअप धूत होते. चाकंसुद्धा नारळाच्या काथ्याने घासली. काकूंनी मोठी माळ केली होती. बोनेट उघडून आतही हळदकुंकू वाहिलं. चिकाच्या प्रकरणानंतर हे त्यांच्याकडून आलं. अ. काकूंना वाकून नमस्कार करायला गेला, तोल गेला, काकूंनीच धरलं.

"सायेब, आता उद्या पूजा झाली की मगच. आज हिला हात लावायचा न्हाई बरं का."

"नाही लावत, तात्या."

मागची ताडपत्री त्यांनी छान ताणून बांधली. संध्याकाळी अ. म्हणाला, एकदा आकडा बघून येतो. मी म्हटलं, राहू दे ना आजच्या दिवस, त्यांनी एवढं सांगितलंय.

बसला.

सामान भरून तयार. सकाळी निघायचं. आज मलासुद्धा जावंसं वाटतंय.

९ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

पूजा झाली. तात्यांनी हौशीने ताडपत्री सोडली. बोनेट उघडलं, आणि मागच्या हौद्यात चढून दुसऱ्या बॅटरीची कापडाने गुंडाळलेली वायर परत जागेवर बसवायला लागले. ट्रॅक्टरची ते दरवर्षी अशीच काढतात, कोणी चुकून सुरू करू नये म्हणून. वडिलांपासूनची रीत. "दोन्ही बॅटऱ्यांस्नी काल इसावा दिला, सायेब. दमल्या हुत्या बिचाऱ्या."

फ्रीजचा दिवा विझलेला. झाकण उघडलं. काल दिवसभर ऑक्टोबरचं ऊन त्या ताडपत्रीवर. आत तीस.

अ.ने झाकण हळूच लावलं. तात्यांनी विचारलं, "बराबर हाय न्हवं?"

"बरोबर आहे," अ. म्हणाला. त्याने त्यांना सोनं दिलं, आपट्याची पानं, आणि गळामिठी मारली. नंतर मला म्हणाला, आज अंगात कणकण आहे, उद्या बघू. तात्यांना ऐकू जाईल असं.

घरात आल्यावर दार लावून घेतलं. "त्यांना सांगायचं नाही. हात जोडून केलंय त्यांनी."

तंबू गाडीतच.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

डॉक्टरबाई फोनवर: इतकी तापलेली सुई देऊ नका, सगळ्या टाकून द्या. नव्या सुया मुंबईहून मागवाव्या लागतील, सणामुळे उशीर होईल.

अ. म्हणतो, मग तशीच जाऊ. सुई नाहीच आहे तर फ्रीजची काळजी कशाला? उलट सोपं.

मी नाही म्हटलं. मग तो जे बोलला ते लिहीत नाही.

रात्री त्याच्या तळपायावर बोट फिरवलं. विचारलं, कळतंय? म्हणाला, हो. मी बोट उचललेलं होतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

नव्या सुया काल आल्या. आज पहाटे अ. पलंगावरून उतरला आणि डावा पाय त्याच्या बरोबर आलाच नाही.

दवाखान्यात दाखल. सलाइनमधून औषध. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दिवसभर विचारत होता, "काय झालंय ह्यांना? धडधाकट तर दिसतात."

डॉक्टरबाईंना बाहेर गाठलं. मधल्या सुया चुकल्या म्हणून हे झालं का? त्या म्हणाल्या, तसंही होऊ शकलं असतं. सुया चालू असतानाही होतं. कोणी सांगू शकत नाही. मला कोणीतरी सांगायला हवं होतं. हो किंवा नाही, काहीही चाललं असतं.

तात्या नि काकू भेटायला आले. काकूंनी अ.वरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तात्या पायाशी उभे, टोपी हातात. "दसऱ्याला नवस बोलायचा ऱ्हायला आमचा," म्हणाले. मी खिडकीकडे गेले.

२ नोव्हेंबर, रविवार

घरी. दिवाळी दवाखान्यातच गेली. पाय थोडा परत आलाय. काठीने मोरीपर्यंत जातो. फरशी कळते, चप्पल कळत नाही.

आज तो गाडीत जाऊन बसला. एकटा. क्लचवर पाय ठेवतो, मग दोन्ही हातांनी गुडघा खाली दाबतो. मी दारातून बघितलं. सात-आठ वेळा. नंतर तिथेच बसून राहिला, काच वर करून.

मला कधीच गाडी शिकायची नव्हती. तो म्हणायचा शीक, मी म्हणायचे, तू आहेस ना.

९ नोव्हेंबर, रविवार

भात झोडून झाला, तात्यांना जरा सवड. आज सरळ म्हणाले, "सायेब, मी चालवतो की गाडी. ट्रॅक्टर चालवतुया, हे काय लई अवघड हाय? तुमी निस्ती वाट दावा. तुमास्नी तंबूपशी सोडतो, मी मागल्या गावात मेव्हन्याकडं झोपतो. तुमच्या राजाराणीच्या मधी मी कशाला?"

काकू हसल्या. मी हसले. अ. "बघू" म्हणाला.

तात्या गेल्यावर: "मला पार्सलासारखं नेऊन ठेवणार."

"कोणीही नेलं तरी पाणी तेच आहे ना, अनिल."

"तुझ्यासाठी."

फ्रीज चालू आहे. चार अंश. त्यात कसलाच बिघाड उरलेला नाही, आणि तेच आता अवघड झालंय. इतके दिवस वायर तरी होती, रिले तरी होता, काहीतरी दुरुस्त करायला होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी तात्या दारात. आत येईनात. "सायेब, एक इचारू? त्या दुधावरनं अजून राग हाय का? म्हनून माझ्यासंगं येत न्हाई?"

अ.चा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. एका वाक्यात खरं सांगून टाकता आलं असतं. मला वाटलं आता सांगणार.

"राग नाही तात्या. देवाशप्पथ नाही. उद्या निघू."

"मंग चालवनार कोन?"

"उद्या बघू."

तात्या खूश होऊन गेले. अ. मला म्हणाला, "सुया भर." बाकी काही नाही. भरल्या. झाकण दोनदा दाबून बघितलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उजाडतंय. धुकं, थंडी. स्वयंपाकघरात बसून लिहितेय, चहा गाळायचाय. भाकऱ्या, ठेचा, रॉकेलचा स्टोव्ह, सगळं गाडीत गेलं.

अ. मघाशीच बाहेर गेला, काठी घेऊन. किल्ली त्याच्या स्वेटरच्या खिशात. रात्री विचारलं होतं, चालवणार आहेस का तू? म्हणाला, घाटाच्या आधी सपाट रस्ता बराच आहे. मग बराच वेळाने, झोपला असं वाटल्यावर: तुला भीती वाटते का माझ्या शेजारी बसायची?

मी हो म्हटलं. पहिल्यांदाच. त्याने माझा हात ओढून घेतला नि तसाच ठेवला.

तात्यांचं खाकरणं ऐकू आलं. दोघं काहीतरी बोलतायत. शब्द कळत नाहीत. एकदा अ.चा आवाज चढला, मग तात्यांचा.

गाडीचं दार लागलं. फक्त एक.

इंजिन सुरू झालं. चहा उतू चाललाय. स्टिअरिंगवर कोण आहे ते बघायला मी अजून खिडकीशी गेलेले नाही.