आईंनी विकू न दिलेली सायकल

आई,

सायकल जागेवर दिसणार नाही, पण घाबरू नका, मीच घेऊन गेलेय. तळ्यापर्यंत जाऊन नाश्त्याच्या आत परत येते. डॉक्टरांनी कालच परवानगी दिली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुमच्या डोळ्याला डोळा लागला नसता. गोळी घेतलीय, हेल्मेट घातलंय, फोन खिशात आहे.

आजारपणात मीच यांना म्हणाले होते, सायकल विकून टाका, मला ती समोर बघवत नाही. गिऱ्हाईक दारापर्यंत आलं होतं आणि तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलंत, हे मला यांच्याकडून काल कळलं. "सून बरी झाली की तिला लागेल," एवढंच म्हणालात म्हणे. तेव्हा माझी मलाच खात्री नव्हती, आई.

आज टायर दाबून बघितले तर चांगले टणक! इतके महिने पडून राहिले की टायर बसतात, भेगाळतात. म्हणजे दुपारी माझा डोळा लागला की पंपाचा फुसफुस आवाज यायचा, तो स्वप्नातला नव्हता तर. चेनला तुमच्या शिलाई मशीनच्या तेलाचा वास येतोय. सायकलच्या दुकानवाला हे तेल बघून कपाळावर हात मारून घेईल, पण चेन कशी अलगद फिरतेय!

परत आले की हात धरून आत घेऊ नका, खुर्ची पुढे करू नका. "ती चिखलाची चाकं आधी बाहेर पूस," म्हणून पूर्वीसारख्या ओरडा. ते ऐकायला कान आसुसलेत.

तुमची सून