रुखवतातला मेंढा

॥ श्री ॥
हिंगोली, ३ मार्च २००२

ती. पंचफुला आत्यास,
राधिकाचा सा. न. वि. वि.

लग्न ठरल्याचं दादांनी कळवलंच असेल. एक गोष्ट त्यांनी वगळली असणार. जवळा बाजारला बोलणी चालू असताना होणाऱ्या सासूबाई, रुख्मिणीबाई, यांनी विचारलं की पोरगी कचेरीत इमारतींचे नकाशे काढते ते ठीक, पण तिच्या हाताला काही येतं का. नोकरी सोडणार नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. शेवटी असं ठरलं की रुखवतात खरोखर माझ्या हातची एक वस्तू दिसली, तर त्या नोकरीला हरकत घेणार नाहीत.

साधं भरतकाम मला येत नाही. म्हणून मी त्याहून अवघड निवडलं आहे, उठावाचं. खाली भराव घालून वर टाके घेतले की चित्र कापडातून वर येतं. कान वेगळे शिवून, कडेला तार घालून उभे करायचे. विषय मेंढा. त्याचा नकाशा तयार आहे: समोरून, बाजूने आणि वरून. सुई अजून आणलेली नाही.

कापसाचा भराव दबतो. तुमच्या मेंढरांची थोडी लोकर पाठवाल का?

लोभ आहेच, हे काम बघितल्यावरही राहावा.
तुमची राधिका

औंढा, १२ मार्च २००२

चि. राधिकास अनेक आशीर्वाद.

पोरी, तुझ्या वयात मी मेंढरं राखत होते अन् तू मेंढ्याचा नकाशा काढून राहिली! तुझे आतोबा हसून हसून खोकले. म्हणाले, मेंढ्याला वरून काहून बघायचं, वरून तर कावळाच बघतो.

लोकर पाठवली. ती धुऊ नको. तिच्यात तेल असतं, धुतली की जीव जातो तिचा. आमी घोंगडीला कधी धुतली न्हाई.

अन् एक सांगते, रागावू नको. न्हाईच जमलं तर बाजारातून इकत आणून ठेव. समद्या पोरी तसंच करून राहिल्या. कोण बघायला बसलंय?

जेवत जा बराबर. म्हातारीवर माया असू दे.
तुझी आत्या

हिंगोली, २८ एप्रिल २००२

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मेंढा पूर्ण झाला. उंची नकाशाप्रमाणे अचूक आहे. बाकी काहीच नाही.

फ्रेमवाल्याकडे नेल्यावर कळलं की काच बसत नाही, कारण मेंढ्याचं नाक फ्रेमच्या पुढे येतं. जिन्याखाली माणसाचं डोकं आपटू नये म्हणून जागा सोडणं हे माझं रोजचं काम. नाकासाठी जागा सोडायचं सुचलं नाही. त्याने काच दाबून बघितली, तरी ती बसली नाही. आता नाक बसकं आहे.

शिवाय लोकरीतलं तेल पांढऱ्या सॅटिनवर उतरलं. मेंढा पोटाखाली पिवळा पडला असून त्याला वासही येतो. शेजारच्या मोतीबाई दोनदा विचारून गेल्या की खोलीत जनावर बांधलंय का. मी नाही म्हणाले.

विकतचं मात्र आणणार नाही. माझ्या हातची वस्तू ठरली होती. चांगली वस्तू ठरली नव्हती. नोकरी आता या मेंढ्यावर आहे, म्हणून झोप कमी लागते.

आशीर्वाद असावा, जमल्यास थोडा जास्त.
राधिका

जवळा बाजार, १९ मे २००२

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लग्नात तुम्ही पंगतीकडे होता, म्हणून रुखवतापाशी काय झालं ते लिहिते.

काच नसल्याने प्रत्येकाने बोट दाबून बघितलं. एका आजीबाईंनी कान ओढला, तो त्यांच्या हातातच आला. कुणी उंदीर म्हणालं. एका जाणत्या पाहुण्याने नंदी ठरवून हात जोडले.

मग सासूबाई आल्या. त्यांनी वास घेतला, फ्रेम उलटी करून मागच्या गाठी बोटाने एकेक तपासल्या. मी मनात राजीनाम्याचा मसुदा सुरू केला. तेवढ्यात त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं की हे पोरीच्याच हातचं आहे, असलं बाजारात कोणी विकायला ठेवणार न्हाई. आणि मला बजावलं की सोमवारपासून कचेरीत जायचं, एक दिवस चुकवायचा न्हाई; घरी मोकळी बसलीस तर आणखी एखादं जनावर करशील.

तुमची माया आहे तशीच राहू द्या, एवढीच विनंती.
राधिका