मागचा ब्रेक वाजत नाही

मंगळवार, ४ मार्च
गाडीच्या मागच्या ब्रेकमधून आवाज येतो, असं माझ्या बायकोचं, नोएलीनचं, म्हणणं. येत नाही. जन्मभर मेंढ्या पाळल्या. ट्रॅक्टर, पंप, लोकर कापायचं मशीन, सगळं स्वतः दुरुस्त केलं, तेही बहुतेक वेळा कुंपणाच्या तारेने. यंत्राचं दुखणं मला लांबून कळतं. ती म्हणाली, अरे, किंचाळतोय तो. मी म्हटलं, वारा असेल.

गुरुवार, ६ मार्च
बाजाराला गेलो. दुकानापाशी उतार आहे, तिथे ब्रेक दाबला. ती म्हणाली, हा बघ. मी म्हटलं, कुठे? ती भर रस्त्यात उतरली आणि पिशव्या घेऊन चालत घरी गेली. सगळ्या गावाने पाहिलं. आमचा कुत्रा टिगसुद्धा उडी मारून तिच्या मागे गेला. म्हातारा झालाय, गाडी सोसत नाही त्याला.

शनिवार, ८ मार्च
नोएलीन बस पकडून लेकीकडे, लीऐनकडे, डनेडिनला गेली. जाताना म्हणाली, सहा आठवडे तू मला वेडी ठरवतोयस. आवाज येतो हे कबूल कर, गाडी कुणाला तरी दाखव, मग मला न्यायला ये. मी म्हटलं, दाखवायला आधी आवाज तर हवा.
संकल्प: आठवड्याच्या आत तिला घरी आणायचं. पुराव्यासकट.

रविवार, ९ मार्च, सकाळ
शास्त्रशुद्ध तपासणी. खडीच्या रस्त्यावर काच उघडी ठेवून ब्रेक, मग काच बंद करून ब्रेक. हळू ब्रेक, जोरात ब्रेक. आवाज नाही.
शेजारच्या मर्वला साक्षीदार म्हणून मागे बसवला. तो म्हणाला, येतोय की, डुक्कर कापल्यासारखा. मर्व तिच्या बाजूचा आहे. दर नाताळात तिच्या हातची आल्याची बिस्किटं खातो, दुसरं काय बोलणार? उतरताना वर म्हणाला, तुझा टीव्ही तेवढा कमी कर, माझ्या गाई दचकतात. विषय काय, हा बोलतोय काय.

मंगळवार, ११ मार्च
एकदम नामी युक्ती. फोन चिकटपट्टीने मागच्या चाकाच्या आत बांधला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि टेकडी उतरलो. घरी येऊन कानाला लावून तीनदा ऐकलं. खडीची थोडी घरघर, बाकी शांतता. लगेच नोएलीनला पाठवलं. सोबत लिहिलं: घे पुरावा.

त्याच दिवशी, संध्याकाळी
लीऐनचा फोन. म्हणाली, बाबा, काय पाठवलंस हे? आईच्या हातातला कप फुटला. तू स्वतः ऐकलंस का ते? मी म्हटलं, तीनदा. मग तिकडून काहीच नाही. लाइन खराब असावी, हल्ली असतेच.
निष्कर्ष: आवाज फोनचा आहे.

गुरुवार, १३ मार्च
पाच दिवस टोस्टवर डब्यातले बीन्स. घर खायला उठतंय. नोएलीनचे गमबूट दाराशी आहेत, टिग त्यांच्यावर डोकं ठेवून पडतो. मलाही पडावंसं वाटतं. काय वाटेल ते करीन, पण ती परत यायला हवी. काय वाटेल ते म्हणजे, नसलेला आवाज येतो म्हणणं सोडून.
गाडी जॅकवर घेतली. चाक हाताने फिरवलं, मग ब्रेकचा ड्रम उघडला. ब्रेक शूचं अस्तर पार संपलंय, लोखंडावर लोखंड घासतंय, ड्रमला आतून चऱ्या पडल्यात. अशाने आवाज येऊ शकतो. पण येतोच असं नाही.

शुक्रवार, १४ मार्च
नवे ब्रेक शू बसवले. फक्त तिच्या समाधानासाठी. एक स्प्रिंग उरली. कारखानेवाले जास्तीच्या घालतात. एक क्लिप हरवली, तिथे कुंपणाची तार वापरली. चाचणी घेतली. आवाज नाही. म्हणजे आधी नव्हता, तसाच आताही नाही.
संकल्प: उद्या डनेडिन. उद्याच संध्याकाळी दोघं घरी.

शनिवार, १५ मार्च, दुपार
घाट उतरलो, चहाला थांबलोय. गाडी धुऊन पॉलिश केली ते बरं झालं. प्रत्येक गावात लोक वळून वळून बघतायत. एकाने तर दोन्ही हात वर केले, मीही केले. एका बाईने लेकराचे कान झाकले. गारठा आहे खरा. मेंढ्या मात्र उगीच कुंपणाला जाऊन भिडत होत्या. आजकालच्या मेंढ्यांना शिस्त नाही.

रविवार, १६ मार्च
काल लीऐनच्या गल्लीचा उतार उतरलो. हॉर्न द्यायच्या आधीच सगळे फाटकाशी उभे. लीऐनचे हात कानांवर. मी म्हटलं, नोएलीन, बघ, गेला आवाज.
ती गाडीच्या खिडकीशी आली. चिडलेली नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. म्हणाली, तुला खरंच ऐकू येत नाहीये?
घाटात पाठ केलेली सगळी उत्तरं विसरलो. नाही म्हणालो.
ती पायरीवर बसली. तिने विचारलं, मग मी स्वयंपाकघरातून बोलते ते?
मी म्हटलं, तू बोलतेस? मला वाटलं, तू बोलायचं सोडलंस.
ती म्हणाली, आणि मला वाटलं, तू उत्तर द्यायचं सोडलंस. मग ती रडली. मीही.
गाडी तिथल्याच गॅरेजमध्ये आहे. किल्ली लीऐनने काढून घेतली. बुधवारी मर्वच्या बायकोच्या गाडीतून कान तपासायला जायचंय, ते लीऐननेच ठरवलं. टिगला खायला घालायचं म्हणून आज बसने परत आलो. एकटाच.
स्टँडवर नोएलीन पोचवायला आली होती. बस सुटताना ती काचेपलीकडून काहीतरी म्हणाली. चांगलं लांबलचक वाक्य होतं. मी हो म्हणून मान हलवली. येते म्हणाली की येत नाही म्हणाली, काही कळलं नाही.